उतारवयातील कावीळ आणि पित्तनळीतील मोठा खडा



या पानावर आम्ही नेहमी बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त, पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. या अंकात उसाचा विषय बाजूला ठेवून माणसाच्या पोटातील एका नळीविषयी लिहीत आहोत. त्याला कारण आहे. ज्यांनी शेअर घेऊन हा कारखाना उभा केला, त्या जुन्या सभासदांपैकी पुष्कळजण आज सत्तरी-ऐंशीत आहेत. प्लॉटपाहणीला वस्तीवर गेलो म्हणजे ओट्यावर बसलेल्या जाणत्या मंडळींची चौकशी होतेच. मग उत्तरे मिळतात ती अशी : "आबांना कावीळ झालीय, गळ्यात माळ घातलीय." "आक्कांच्या पोटात खडा निघालाय, पण आता या वयात कशाला फाडाफाडी?" "तोड आलीय, एवढा ऊस गेला की नेऊ दवाखान्यात."

ही तिन्ही उत्तरे एकाच गावची नाहीत. बहुतेक गावांत थोड्याफार फरकाने हेच ऐकू येते आणि तिन्हींत धोका आहे. तो कोणता, आणि आज त्यावर पोट न फाडता कोणता उपाय होतो, हे सांगण्यासाठी हा लेख. औषधोपचार ठरविणे हे डॉक्टरांचे काम. पण पेशंटला त्यांच्यापर्यंत वेळेत पोचविणे हे घरच्यांचे काम आहे.

पित्ताचा पाट

पित्त हे यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये तयार होते. दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. लिव्हरमधून निघणाऱ्या बारीक बारीक चाऱ्या एकत्र येऊन एक मुख्य नळी होते. तिला पित्तनळी म्हणावे. वाटेत तिला एक साठवणतळे जोडलेले असते, ते पित्ताशय. लोक त्याला पित्ताची पिशवी म्हणतात. जेवण झाले की ही पिशवी आवळते आणि साठलेले पित्त नळीतून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उतरते. तेथे नळीच्या तोंडाशी एक आवळणारे दार असते. स्वादुपिंडाची नळीही बहुधा त्याच दाराशी येऊन मिळते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे.

पित्तनळी केवढी? साधारण पेन्सिलीएवढी, सहा-सात मिलिमीटर. वयाबरोबर ती थोडी रुंदावते. या नळीत खडा अडकला तर वरचे पित्त तुंबते. खाली मोरीत पाचट अडकले म्हणजे पाट वर फुगतो, तसा प्रकार. तुंबलेले पित्त रक्तात उतरते आणि डोळे व कातडी पिवळी दिसू लागते.

खडा धरतो कसा?

हे आपल्या सभासदांना समजावणे सोपे आहे. कारखान्याच्या पॅनमध्ये पाक आटत आटत ठरावीक घट्टपणाला आला की त्यात दाणा धरतो आणि मग त्या दाण्यावर साखर चढत जाते. पित्ताशयातही जवळपास असेच घडते. पित्तात कोलेस्टेरॉल प्रमाणाबाहेर झाले आणि पिशवी नीट रिकामी होईनाशी झाली की त्याचे कण धरतात, कणांवर थर चढतात आणि वर्षानुवर्षांनी खडा होतो.

पिशवीतले खडे पुष्कळांना कधीच त्रास देत नाहीत. मात्र ज्यांच्या पिशवीत खडे आहेत अशा शंभरांपैकी सुमारे दहा ते वीस जणांच्या पित्तनळीतही खडे सापडतात आणि उतारवयात हे प्रमाण वाढते. बहुतेक खडे पिशवीतून घरंगळून नळीत येतात. काही मात्र नळीतच तयार होतात. पित्त साचून राहिले, त्यात जंतू वाढले की तपकिरी, ठिसूळ खडे नळीतच धरतात. म्हणून "अहो, पिशवी तर दहा वर्षांपूर्वीच काढली, आता खडा कुठला?" असे म्हणून निर्धास्त राहू नये. पिशवी काढल्यावरही नळीत खडा होऊ शकतो.

येथे एक घोळ नेहमी होतो. मूतखडा वेगळा आणि पित्ताचा खडा वेगळा. मूतखडा लघवीच्या मार्गात असतो, भरपूर पाणी प्याल्याने लहान मूतखडा वाहून जाऊ शकतो. पित्तनळीचा लघवीच्या मार्गाशी संबंध नाही. कुळथाचे कढण, पानफुटीची पाने किंवा कोणी दिलेल्या पुड्या यांनी पित्तनळीतला बोराएवढा खडा विरघळत नाही.

ही कावीळ वेगळी

आपल्याकडे कावीळ म्हटली की दूषित पाण्याची कावीळ डोळ्यांपुढे येते. ती विषाणूमुळे होते आणि बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. तेवढ्या मुदतीत गळ्यात माळ घातलेली असते, कोणी हाताला चुना लावून धुतलेला असतो, कोणी नाकात थेंब सोडलेले असतात. कावीळ आपल्या गतीने उतरते आणि यश माळेला मिळते. नळीत खडा अडकून झालेल्या काविळीला मात्र हा हिशोब लागू नाही. अडकलेला मोठा खडा माळेने हलत नाही.

खड्याच्या काविळीत साधारणपणे पुढील लक्षणे दिसतात. बरगडीखाली उजव्या बाजूस किंवा छातीच्या खालच्या खळगीत दुखणे, दुखणे पाठीकडे किंवा उजव्या खांद्याकडे जाणे, लघवी गर्द पिवळी अथवा चहासारखी होणे, शौचाचा रंग पांढुरका होणे, अंगाला खाज सुटणे. कावीळ कमी होऊन पुन्हा वाढते, असेही होते, कारण खडा थोडा वर सरकला की वाट मोकळी होते आणि खाली बसला की पुन्हा बंद.

वयस्कर माणसांत लक्षणे कित्येकदा फसवी असतात. पोट फारसे दुखत नाही. नुसती अन्नावरची वासना जाते, अंगात कणकण राहते, म्हातारा माणूस गप्प गप्प होतो किंवा असंबद्ध बोलू लागतो. घरचे म्हणतात, "वय झालं, चालायचंच." तसे म्हणून सोडून देऊ नये. डोळ्यांची बुबुळे सोडून पांढरा भाग उजेडात पाहावा. तो पिवळा दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावे.

दुसरी एक गोष्ट. दुखत नाही, पण कावीळ चढत चालली आहे आणि वजन उतरत आहे, तर खड्याऐवजी स्वादुपिंडाची किंवा नळीची गाठही असू शकते. म्हणजे दुखत नाही म्हणून थांबणे हेही चुकीचेच.

थांबण्यात धोका काय?

साचलेल्या पाण्यात शेवाळ धरते, तसे तुंबलेल्या पित्तात जंतू वाढतात. दाब वाढला की ते जंतू रक्तात शिरतात. फ्रान्समधील डॉक्टर शार्को यांनी १८७७ मध्ये या आजाराच्या तीन खुणा एकत्र सांगितल्या : थंडी वाजून ताप, कावीळ आणि उजव्या बाजूस पोटदुखी. पुढे १९५९ मध्ये अमेरिकेतील रेनॉल्ड्स व डार्गन यांनी त्यात आणखी दोन खुणा जोडल्या : रक्तदाब उतरणे आणि शुद्धीत फरक पडणे. या पाचही खुणा दिसल्या तर प्राणावर बेतले आहे असे समजावे. हुडहुडी भरून ताप आणि पिवळे डोळे ही जोडी दिसली की तोडीची वाट पाहू नये, पाहुणे येण्याची वाट पाहू नये, सकाळचीही वाट पाहू नये. थेट मोठ्या दवाखान्यात न्यावे. वयस्कर माणूस अशा आजारात काही तासांत खालावतो.

खडा खाली सरकून दाराशी अडकला तर शेजारच्या स्वादुपिंडालाही सूज येते. पोटात वरच्या भागात असह्य कळ, ती पाठीत जाणे आणि उलट्या ही त्याची खूण. हाही तातडीचाच आजार.

तपासणी कोणती?

प्रथम रक्ततपासणी आणि सोनोग्राफी. सोनोग्राफीत पिशवीतले खडे चांगले दिसतात, पण नळीच्या अगदी खालच्या टोकाचा खडा आतड्यातील हवेमुळे निसटू शकतो. तेथे एम.आर.सी.पी. नावाची तपासणी उपयोगी पडते. ती एम.आर.आय. यंत्रावर होते. तिला सुई-दुर्बीण काही लागत नाही आणि संपूर्ण पित्तनळीचा नकाशा मिळतो : खडे किती, केवढे, नळी कोठे अरुंद आहे. काही ठिकाणी दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी बसवून आतून पाहतात. ज्यांना पेसमेकर बसविला आहे त्यांनी एम.आर.आय.पूर्वी तसे आवर्जून सांगावे.

पोट न फाडता खडा निघतो तो कसा?

पूर्वी पित्तनळीतील खड्याला पोट उघडणे हाच मार्ग होता. नळी चिरून खडा काढायचा, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची रबरी नळी आत ठेवायची आणि पेशंटने कित्येक दिवस अंथरुणात काढायचे. ऐंशीच्या माणसाला हे झेपेल का, ही लोकांची भीती त्या काळी रास्त होती. पण ती भीती अजून तशीच मनात धरून बसणे रास्त नाही.

१९६८ मध्ये अमेरिकेतील डॉ. मॅक्‌क्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडावाटे दुर्बीण घालून त्या दारात बारीक नळी सरकविली आणि रंगीत क्ष-किरण औषध सोडून नळीचा फोटो घेतला. १९७४ मध्ये जपानमध्ये डॉ. कावाई आणि जर्मनीत डॉ. क्लासेन व डॉ. डेमलिंग यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, त्याच मार्गाने दाराला विजेच्या तारेने छोटी चीर देऊन खडे काढण्याची वाट उघडली. या पद्धतीला आज ई.आर.सी.पी. म्हणतात. आपल्याकडे लोक "तोंडातून दुर्बीण घालून खडा काढला" म्हणतात ते हेच.

पेशंटला उपाशी ठेवतात, गुंगीचे किंवा भुलीचे औषध देतात. दुर्बीण तोंडातून, जठरातून आतड्याच्या त्या दारापर्यंत नेतात. दाराला चीर दिल्यावर तारेची जाळी किंवा छोटा फुगा नळीत वर सरकवितात आणि खडा खाली ओढून आतड्यात सोडतात. तो पुढे शौचावाटे निघून जातो. पोटावर कोठेही टाका नाही. शंभरातील सुमारे पंच्याऐंशी ते नव्वद जणांचे काम एवढ्यावर भागते.

खडा मोठा असेल तर

उरलेल्या दहा-पंधरा जणांत प्रश्न येतो. साधारण दीड सेंटीमीटर किंवा त्याहून मोठा खडा हा मोठा समजतात. उतारवयात असे खडे अधिक आढळतात, कारण ते वर्षानुवर्षे वाढत राहिलेले असतात. लहान दारातून मोठी मोळी बाहेर काढायची, असा हा पेच. त्याला दोनच तोडी : दार मोठे करा किंवा मोळी लहान करा.

दार मोठे करण्याची रीत अशी. चीर फार लांब दिली तर रक्तस्राव आणि आतडे फाटण्याचा धोका वाढतो. म्हणून बेताची चीर देऊन त्यात बारा ते वीस मिलिमीटरपर्यंत फुगणारा मोठा फुगा ठेवतात आणि हळूहळू फुगवितात. फुगा नळीच्या रुंदीपेक्षा मोठा फुगवत नाहीत. ही पद्धत २००३ मध्ये तुर्कस्तानातील डॉक्टरांनी प्रसिद्ध केली आणि नंतर जगभर रूढ झाली. दार ऐसपैस झाले की पुष्कळदा मोठा खडा अखंड निघतो.

खडा लहान करण्याच्या रीती दोन. पहिली जुनी. मजबूत तारेच्या जाळीत खडा धरायचा आणि बाहेरून मूठ फिरवून जाळी आवळत न्यायची, की खडा आतल्या आत फुटतो. दुसरी नवी. मोठ्या दुर्बिणीतून दोऱ्यासारखी बारीक दुर्बीण थेट पित्तनळीत घालतात, खडा डोळ्यांनी पाहतात आणि लेसरने किंवा पाण्यात विजेची ठिणगी पाडून त्याचे तुकडे करतात. या रीतीला साधने महाग लागतात आणि ती सगळीकडे नसतात. म्हणून खडा मोठा आहे असे कळल्यावर "तुमच्याकडे मोठा खडा फोडण्याची सोय आहे का?" हे आधीच विचारावे. नसेल तर कोठे आहे तेही तेथेच विचारून घ्यावे. डॉक्टरांना यात राग येण्याचे कारण नाही.

एवढे करूनही खडा निघाला नाही तर पोटावर छोटी छिद्रे पाडून दुर्बिणीने नळी उघडता येते किंवा कातडीतून लिव्हरमार्गे नळी घालून पित्त काढता येते.

आधी निचरा, मग खडा

पेशंट तापाने फणफणला असेल, रक्तदाब उतरला असेल तर डॉक्टर खड्यामागे लागत नाहीत. ऊस पाण्यात उभा असेल तर आपण आधी चर काढून पाणी वाहते करतो, भांगलणीचे नंतर पाहतो. तसेच येथे. प्रतिजैविके सुरू करून नळीत प्लॅस्टिकचा स्टेंट, म्हणजे एक बारीक नळी बसवितात. खडा तेथेच राहतो, पण त्याच्या कडेने पित्त वाहू लागते. ताप उतरतो. माणूस सावरल्यावर दुसऱ्या खेपेस खडा काढतात. "पैसे घेतले आणि खडा आतच ठेवला" असा गैरसमज यातून होतो, तो करून घेऊ नये. पेशंटचा जीव त्या पहिल्या निचऱ्याने वाचलेला असतो.

पण येथेच सर्वांत मोठी चूक घरच्यांकडून होते. ताप गेला, डोळे पांढरे झाले, म्हातारा भाकरी खाऊ लागला, की सगळे विसरतात. प्लॅस्टिकचा स्टेंट कायमचा नसतो. काही महिन्यांत तो आतून गाळाने तुंबतो. साधारण तीन महिन्यांच्या आसपास तो काढावा किंवा बदलावा लागतो. नेमकी मुदत डॉक्टर सांगतील. विसरलेला स्टेंट तुंबला की तोच थंडीताप, तीच कावीळ, आणि कधी कधी स्टेंटभोवतीच नवा खडा धरलेला असतो.

आपण लागणीची तारीख गटवार नोंदवितो, कारण तिच्यावर तोडीची पाळी ठरते. स्टेंटची तारीखही तशीच कॅलेंडरवर लाल शाईने लिहावी. कोणत्या दवाखान्यात बसविला, कधी काढायचा हे घरातील दोन माणसांना तरी ठाऊक असावे. डिसेंबरमध्ये बसविलेल्या स्टेंटची मुदत ऐन हंगामात मार्चमध्ये येते. ऊस आठ दिवस मागे-पुढे झाला तर वजनात फरक पडेल, तो भरून निघेल. स्टेंटची तारीख तशी ढकलू नये.

वय आड येते काय?

नुसते वय आड येत नाही. ऐंशी-नव्वदीतल्या माणसांवरही ई.आर.सी.पी. होते. पण धोका मुळीच नाही असे म्हणणे खोटे ठरेल. या उपचाराने काही जणांच्या स्वादुपिंडाला सूज येते. ढोबळ मानाने शंभरात तीन ते दहा जणांना. वयस्करांत हे प्रमाण तरुणांपेक्षा कमी असते आणि ते आणखी कमी करण्यासाठी गुदद्वारावाटे एक औषध देतात. शंभरात एक-दोघांना रक्तस्राव होतो. आतड्याला छिद्र पडणे त्याहून विरळ. वृद्धांत खरी काळजी असते ती हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड यांची आणि भुलीची.

म्हणून डॉक्टरांना काही लपवू नये. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत का, हृदयात स्टेंट आहे का, मधुमेह, दमा, पूर्वी जठराचे ऑपरेशन झाले आहे का, हे सारे सांगावे. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. त्या कोणत्या, किती दिवस थांबवायच्या हे डॉक्टरच ठरवितात. घरी आल्यावर पोटात जोराची कळ, काळे शौच, ताप किंवा उलटी झाली तर लगेच परत जावे.

आणि ज्याचा देह आहे त्या माणसालाही विचारावे. पुष्कळ घरांत मुले, जावई, पुतणे बसून ठरवितात आणि आबा कोपऱ्यात ऐकत असतात. काय करणार, का करणार, न केल्यास काय होईल, हे त्यांना समजेल अशा भाषेत सांगितले तर बहुतेक वडीलधारी मंडळी स्वतःच नीट निर्णय देतात.

पिशवीचे पुढे काय?

नळी साफ झाली तरी पिशवीत खडे असतील तर ते पुन्हा घरंगळू शकतात. म्हणून प्रकृती झेपणारी असेल तर नंतर दुर्बिणीने पिशवी काढण्याचा सल्ला देतात. भारतात हे ऑपरेशन प्रथम १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी केले. आज ते तालुक्याच्या गावीही होते. माणूस फारच थकलेला असेल तर पिशवी तशीच ठेवून लक्ष ठेवण्याचाही मार्ग आहे.

खर्चाविषयी

खर्चाच्या भीतीने थांबू नये. राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. शिवाय २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षे व त्यापुढील नागरिकांना उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे कार्ड मिळते. कोणता उपचार कोणत्या दवाखान्यात योजनेत बसतो हे दवाखान्यातील आरोग्यमित्राला आधी विचारावे. कार्ड आजारपण आल्यावर काढायला धावण्यापेक्षा आताच आधार कार्ड घेऊन काढून ठेवावे.

थोडक्यात ध्यानात ठेवा

१) वयस्कर माणसाची कावीळ घरी किंवा माळेवर ठेवू नये. सोनोग्राफी करून घ्यावी.
२) कावीळ आणि थंडीताप एकत्र दिसल्यास त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या दवाखान्यात न्यावे.
३) पित्तनळीतील मोठा खडाही बहुधा पोट न फाडता निघतो. तशी सोय कोठे आहे हे विचारावे.
४) स्टेंट बसविला असेल तर काढण्याची तारीख लिहून ठेवावी आणि पाळावी.
५) चालू गोळ्यांची चिठ्ठी व जुने रिपोर्ट एका पिशवीत घालून बरोबर न्यावेत.

आपल्या वस्तीवर, भावकीत कोणा वडीलधाऱ्याचे डोळे पिवळे दिसत असतील तर हा अंक त्या घरी वाचून दाखवावा. पुढील अंकात आम्ही नेहमीप्रमाणे खोडव्याकडे वळू.

– ऊस विकास अधिकारी